राणीचा उजवा गाल

माझ्या धंद्यात मुख्य अडचण एकच, ती म्हणजे उजेड नसतो. आणि खरं सांगायचं तर तो नसतो म्हणूनच मी ह्या धंद्यात रमलो. दिवसाढवळ्या फोटो कोणीही काढतो. हल्ली तर फोनच काढतो, माणूस नुसता धरून उभा राहतो.

बांद्याच्या बाजारात माझा छोटा स्टुडिओ आहे. पोट चालतं ते आमच्या ख्रिश्चन वाड्यातल्या आणि आजूबाजूच्या हिंदू वाड्यांतल्या लग्नांवर, आणि बोटीवर नोकरीला जाणाऱ्या पोरांच्या पासपोर्ट फोटोंवर. पण दिवाळी झाली, भात घरात आलं आणि देवळांच्या जत्रा सुरू झाल्या की माझे पाय घरात ठरत नाहीत. बायको म्हणते, ह्या माणसाला नाताळपर्यंत शोधायचं असेल तर कुठल्यातरी देवळाच्या मांडवात शोधा. कारण जत्रेत दशावतारी नाटक असतं, आणि मी गेली कित्येक वर्षं त्या नाटकांचे फोटो काढतो आहे. कोणी सांगितलं म्हणून नव्हे. बघायची खोड लागली म्हणून.

ज्यांनी दशावतार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. नट सगळे पुरुष. राणीही पुरुषच होतो. प्रत्येक जण आपला चेहरा आपणच रंगवतो, समोर हातभर आरसा ठेवून. रंगमंच म्हणजे मांडवातली मोकळी जागा आणि तिच्यात एक बाकडं. त्याच्यावर चादर टाकली की ते सिंहासन. एका बाजूला पायपेटी, पखवाज आणि झांज घेऊन तिघे बसतात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे नाटक लिहिलेलं नसतं. मंडळीचा मालक आधी कथा सांगतो, कोण कोणाशी भांडणार, कोण वनात जाणार, शेवटी काय होणार. बाकी संवाद ज्याचे त्याने तिथल्या तिथे बोलायचे. पुढच्या क्षणी काय होणार हे नटालाच नक्की माहीत नसतं, तर फोटोवाल्याला कुठून असणार?

म्हणून मी डोळ्यांपेक्षा कानांनी फोटो काढायला शिकलो. पखवाज चढत गेला, झांजेचा आवाज एकदम तुटला, की नट क्षणभर थिजतो. तेवढाच माझा क्षण. आणि तो का लागतो, हे मला लोक नेहमी विचारतात. त्यांना मी नळाचं उदाहरण देतो. उजेड म्हणजे पाणी, कॅमेरा म्हणजे कळशी. नळाला करंगळीएवढी धार असेल तर कळशी भरायला वेळ लागतो. तेवढा वेळ ती हलता कामा नये. समोरचा माणूस हलला की पाणी बाहेर, फोटो पुसट. आता नवीन कॅमेऱ्यात कमी पाण्यात कळशी भरल्यासारखं दाखवायची सोय आहे, पण मग फोटोत रव्यासारखे दाणे येतात. फुकट काही मिळत नाही.

काही गिऱ्हाइकांना हे पटत नाही. नाटकाच्या सुरुवातीला काळ्या असुराचं सोंग येतं. पायापासून डोक्याच्या टोकापर्यंत काळी झूल, तोंडावर काळाच बुरखा, बाहेर लोंबणारी लाल जीभ. ते सोंग घेणाऱ्या एकाचं लग्न ठरत होतं. मुलीकडच्यांना आपण कलाकार आहोत हे कळावं म्हणून त्याने माझ्याकडून मुद्दाम फोटो काढून घेतला. मागे काळोख, पुढे काळा असुर. मी जीव तोडून काढला. तो बराच वेळ फोटो उलटासुलटा करून बघत राहिला, आणि शेवटी म्हणाला, "इनास, जीभ बरी इली. पण मी खंय आसंय?" लग्न झालं त्याचं. तो फोटो पाठवला नाही म्हणून झालं, असं त्याची बायको सांगते.

फ्लॅश का वापरत नाही, हा दुसरा नेहमीचा प्रश्न. त्याचं उत्तर म्हणजे तातू.

तातू आमच्या भागातल्या एका मंडळीत राणीची कामं करायचा. उभ्या आयुष्यात त्याने दुसरं काही केलं नाही. मी नवा होतो तेव्हा त्याच्या राणीवर खोटा आळ येण्याचा प्रसंग चालला होता. माणसं डोळ्यांना पदर लावून बसलेली. मी पुढे जाऊन धाडकन फ्लॅश मारला. तातू थांबला. हळूच माझ्याकडे वळला आणि राणीच्याच सुरात म्हणाला, "हे विद्युल्लते, अबलेचे अश्रू पाहायची तुला एवढी घाई का? जा, आधी मेघांना विचारून ये." सगळा मांडव हसला, मी घामाघूम झालो, आणि पुढच्या वाक्याला त्याने त्याच लोकांना परत रडवलं. नाटक संपल्यावर मी माफी मागायला गेलो तर नथ उतरवता उतरवता म्हणाला, "अरे, काळोखात बसान काढ. काळोख कोणाक खाणा नाय." तो फ्लॅश मी कपाटात टाकला, तो तिथेच आहे. आणि तातूशी माझी जन्माची दोस्ती झाली.

माझी बसायची जागाही त्यानेच ठरवून दिली. पायपेटीच्या शेजारी, जमिनीवर. राजाचं बाकडं त्याच बाजूला असायचं, त्यामुळे राणी राजाशी बोलायला वळली की तिचं तोंड आपसूक माझ्याकडे येई. लोकांना तिचा उजवा गाल दिसे. त्या उजव्या गालावर तातू एक बारीक तीळ काढायचा. माझ्या जुन्या फोटोंमध्ये तो तीळ जिथे स्पष्ट दिसतो तो फोटो चांगला, एवढी साधी माझी परीक्षा होती.

दोनेक वर्षांपूर्वीच्या पावसात तातूच्या तोंडावरून वारं गेलं. सकाळी चहा प्यायला बसला तर चहा ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून बाहेर. मी भेटायला गेलो तेव्हा तो हसायचा प्रयत्न करत होता आणि अर्धंच तोंड हसत होतं. डॉक्टरांनी औषधं दिली, गाल चोळायला सांगितलं. पाऊस सरेपर्यंत तोंड पुष्कळसं जागेवर आलं. जत्रा सुरू झाल्या तसा तातू ट्रंक घेऊन मंडळीत हजर झाला. गप्प बसलेला असला तर कोणाला काही कळलंही नसतं.

त्या मोसमात माझे फोटो बिघडायला लागले.

म्हणजे राजा बरा येई, राक्षस बरा येई, पण राणी म्हणून नुसता अंबाडा, कान आणि वेणीतली अबोली. एका जत्रेत असं झालं, मी म्हटलं असेल. दुसऱ्या जत्रेत तेच. मला वाटलं, हात जड झाले, वेळ चुकते आहे. मग वाटलं, मोतीबिंदू. सावंतवाडीला जाऊन डोळे तपासून आलो, डॉक्टर म्हणाले डोळे ठीक आहेत, चष्मा पुसत जा. मांडवातल्या नव्या एलईडी दिव्यांवरही संशय घेतला. ते दिवे म्हणजे आमच्या धंद्याला लागलेली कीड. डोळ्यांना स्थिर दिसतात पण कॅमेऱ्यात त्यांचे पट्टे उमटतात, आणि पिवळट दिव्याखाली राणीच्या तोंडावरचा पांढरा सफेदा कावीळ झाल्यासारखा दिसतो. पण दिवा कितीही वाईट असला तरी तो राणीची पाठ माझ्याकडे करू शकत नाही.

शेवटी एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा आदल्या वर्षीचे आणि त्या वर्षीचे फोटो काँप्युटरवर शेजारी शेजारी लावले. आणि मला गंमत दिसली. बाकडं हललं होतं. पूर्वी पायपेटीच्या बाजूला असलेलं सिंहासन आता मांडवाच्या दुसऱ्या टोकाला. राजा पूर्वी ज्या बाजूने यायचा तिथून आता प्रधान येत होता. राक्षसाशी झटापट पूर्वी डावीकडे व्हायची ती उजवीकडे होत होती. आरशात बघावं तसं सगळं नाटक उलटं झालं होतं. इतकी जुनी मंडळी, ज्यांना झांजवाल्याचा पाट बदललेला चालत नाही, त्यांनी सगळा मांडव का फिरवला असेल?

पुढच्या जत्रेला मी माझी जागा सोडली आणि समोरच्या टोकाला, सिंहासनाच्या बाजूला जाऊन बसलो. राणी आली. राजाशी बोलायला माझ्या दिशेने वळली. लोकांना आता तिचा डावा गाल दिसत होता, सुंदर, भरलेला. पण मी समोर होतो. मला दोन्ही गाल दिसत होते. राणी बोलू लागली आणि तिचं तोंड डावीकडे ओढलं गेलं. उजवा गाल बोललाच नाही. उजवा डोळा मिटत नव्हता, त्यातून सारखं पाणी येत होतं. झांज तुटली, सवयीने बटण दाबलं गेलं, आणि मग मी कॅमेरा मांडीवर ठेवून नुसता बसून राहिलो.

नाटकानंतर मालकाला, नानांना गाठलं. मी विचारायच्या आधीच ते म्हणाले, "समाजला तुका?" मग सांगितलं की कोणी काही ठरवलं नव्हतं. पहिल्याच नाटकात राजाचं काम करणाऱ्या बाळाने बाकडं उचलून पलीकडे ठेवलं. झांजवाला आपण होऊन सरकून बसला. मग बाकीच्यांनी आपापली वाट बदलली. तातूला कोणी कारण सांगितलं नाही, आणि लिखित नाटक नसल्यामुळे सांगावंही लागलं नाही. तातूला वाटत होतं, रंगात सगळं झाकलं जातं. आरशापुढे तो गप्प असतो, आणि गप्प तोंड सरळच दिसतं. लोक फोनवर व्हिडिओ काढतात खरे, पण लांबून काढलेल्या व्हिडिओत तोंडाच्या जागी पांढरा बत्तासा दिसतो.

"तेका फोटो दाखव नको," नाना म्हणाले. "बगल्यान तर उद्या ट्रंक उचलून घराक जायत. आणि घराक जावन काय करतलो तो?"

मी म्हटलं, "नाय दाखवणंय, नानानू."

आणि चारच दिवसांत तातू माझ्या दुकानाच्या पायरीवर.

आधी इकडचं तिकडचं बोलला, बायकोची चौकशी केली, चहा मागवला तर बशीत ओतून डाव्या बाजूने प्यायला. मग म्हणाला, "माका एक फोटो होयो, इनास. बोलतानाचो. आरशात बगतंय तेव्हा मी गप आसतंय. बोलाक लागलंय की माझा तोंड खंय जाता ता माका कळना नाय. मंडळीतले खरा सांगूचे नाय. तुझ्या कॅमेऱ्याक माझी भीड नाय."

मी अडकलो. नानांना शब्द दिला होता, आणि समोर बसलेल्या माणसाला खोटं सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं. त्याचं सगळं आयुष्य त्या रंगवलेल्या चेहऱ्यावर उभं होतं, आणि तो चेहरा माझ्या काँप्युटरमध्ये होता. मी पळवाट काढली. बोलायच्या आधीचा, नजर खाली घातलेला एक फोटो उघडला. राणी त्यात लक्ष्मीसारखी दिसत होती.

तातूने एकदाच बघितलं. "ह्यो गप आसतानाचो. दुसरो दाखय."

मी दाखवला. तो खुर्ची पुढे ओढून बसला. मी त्याच्याकडे बघत नव्हतो, टेबलावरच्या चहाच्या बशीकडे बघत होतो. मग त्याने विचारलं ते भलतंच. माझी जागा पेटीशेजारची, मग हा फोटो समोरून कसा? इतक्या वर्षांत मी जागा का सोडली? आता लपवण्यात अर्थ नव्हता. जुने आणि नवे फोटो शेजारी लावून मी त्याला फिरलेला मांडव दाखवला. तो एकेका फोटोवर बोट ठेवत गेला, आणि एकाएकी हसायला लागला, ते अर्धं हसू.

"म्हणजे बाळा बाकडा तकडे घेता तो ह्येच्यासाठी? आणि माका वाटला, तेचे गुडघे दुखतत. तेका तेलाची बाटली नेवन दिलंय मी."

मीही हसलो. आणि हसता हसता मला कळलं की तो रडतही आहे, कारण ह्या वेळी डाव्या डोळ्यातही पाणी होतं. मला फार वाईट वाटलं. नानांचं ऐकायला हवं होतं असं वाटलं. मी फोटो बंद करायला हात पुढे केला तर त्याने माझं मनगट धरलं.

"रव. ही बाय कोण, इनास? हिका मी वळखणंय नाय." मग सावकाश, स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला की आमची राणी खोट्या आळापायी वनात जाते, वर्षानुवर्षं भुकेने आणि भीतीने काढते, आणि दरबारात परत येते ती जशी गेली तशीच, तीळसुद्धा जागेवर. इतकी वर्षं त्याने तिला तशीच आणली होती. "असा सरळ तोंड खंयच्या बायचा रवता रे?"

जाताना पायरीवर थांबून त्याने विचारलं, बोलणाऱ्या माणसाचा फोटो नीट यायचा तर त्याने किती वेळ हलायचं नाही? मी नेहमीप्रमाणे त्याला नळ आणि कळशी सांगितली. एक श्वास धरण्याइतका वेळ, म्हटलं. त्याने मान हलवली. "रविवारी म्हावड्याच्या जत्रेक तुझ्या जुन्या जागेर बस," एवढं सांगून तो एसटी पकडायला गेला.

मी नानांना फोन करून कबूल केलं. ते रागावले नाहीत. मग म्हणाले, रविवारी तो ट्रंक घेऊन येतो का बघू.

तो आला. नेहमीप्रमाणे सगळ्यांत आधी येऊन आरशापुढे बसला, सफेदा लावला, त्यावर पिवडीचा पिवळा हात फिरवला. मी लांबून बघत होतो. एरवी उजवी भुवई तो थोडी वर काढून दोन्ही बाजू सारख्या करायचा. त्या दिवशी केली नाही. तीळ मात्र काढला. मी पेटीशेजारी जाऊन बसलो. बाकडं अर्थातच पलीकडे होतं.

वनात जाईपर्यंत सगळं नेहमीसारखं झालं. मला अंबाडा दिसत राहिला. शेवटच्या प्रवेशात राणी न्याय मागायला दरबारात येते. बाळा सिंहासनावर बसला होता. राणी आली, आणि नेहमीच्या जागी उभी राहिली नाही. चालत बाकड्याच्या मागून वळसा घालून पार पलीकडे गेली आणि तिथून राजाकडे तोंड करून उभी राहिली. उजवा गाल लोकांकडे. तिथे दिवाही नेमका डोक्यावर होता.

बाळा गडबडला. पखवाजवाल्याचा हात चुकला. नाना पडद्याच्या कडेला येऊन उभे राहिले. बाळाला काहीतरी बोलणं भाग होतं. तो म्हणाला, "राणी, तू तिथे का गेलीस? इकडे ये. तिथे दिव्याचा ताप आहे."

"महाराज," राणी म्हणाली, आणि तोंड ओढलं गेलं, आणि पुढच्या रांगेतल्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. "वनात पाठवलीत ती बाई तुम्हाला आठवत असेल. परत आलेली बघा. तुमच्या एका शब्दाने हे मुख असं झालं. तुम्ही डोळे मिटून घेतलेत, प्रधानांनी मिटले, सगळ्या दरबाराने मिटले. मला राग नाही. मायेनेच मिटलेत. पण माझा हा डोळा आता मिटत नाही, महाराज. तो सगळं बघतो."

बाळा खाली बघत होता. तो राजा म्हणून रडत होता की बाळा म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही. त्याला विचारलं तर तो म्हणतो, दिव्याचा ताप होता.

मग राणी पूर्ण वळली, लोकांवरून नजर फिरवत माझ्या कोपऱ्यापर्यंत आली. "आणि विद्युल्लते," ती म्हणाली, "तुला मी एकदा हाकलून दिलं होतं. आज ये. नीट बघ."

फ्लॅश तर कपाटात होता. माझ्याकडे होती ती मांडवातल्या दिव्याची करंगळीएवढी धार. पण तातू थांबला. हात अर्धवट उचललेला, तोंड बोलता बोलता वाकडं झालेलं, तसाच थिजला. पखवाजवाल्याने पखवाजाच्या कातड्यावर पंजा ठेवला. माझ्या कानाशी बसलेल्या झांजवाल्याने दोन्ही झांजा हवेत, एकमेकींपासून दूर धरल्या. जी मंडळी पहिल्या नाटकापासून त्याला झाकत होती ती सगळी आता श्वास धरून बसली होती, आणि मांडवात एक खुर्ची वाजली नाही. मी बटण दाबलं. मग झांज वाजली आणि नाटक पुढे गेलं.

मोसम संपेपर्यंत तातू त्याच जागेवरून राणी करत राहिला, अजूनही करतो. बाकडं परत पेटीच्या बाजूला आलं आहे, त्यामुळे उजवा गाल आपसूक लोकांकडे असतो. माणसं लांबून विचारत येतात, ती वाकड्या तोंडाची राणी कुठल्या जत्रेला आहे.

पण त्या दिवशी ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. नाटक संपल्यावर मी पडद्यामागे गेलो. तातू ट्रंकेवर बसला होता. नाना त्याच्या अंबाड्याच्या पिना काढत होते, आणि बाळा खोबरेल तेलाने त्याच्या उजव्या गालावरचा रंग पुसत होता, तान्ह्या मुलाचं पुसावं तसा. तातूने माझ्याकडे बघितलं.

"भरली काय रे कळशी?"

कॅमेऱ्याकडे बघायचा मला धीर झाला नव्हता. फोटो आला आहे की पुसट झाला आहे, मला काहीच माहीत नव्हतं.

"भरली," मी म्हटलं.